दीड वाव

माझ्या कॅमेऱ्याला कुणी नावं ठेवली तर मला खपत नाही, आणि यंदा गणपती गेल्यावर मीच त्याला शिव्या घालत होतो. म्हणजे चूक त्याची नव्हती. पण ते कळायला मला राम आळीपर्यंत जावं लागलं.

मी काशीराम, रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा. बत्तीस वर्षं जहाजावर, इंजिनरूममध्ये फिटर. त्र्याऐंशी साली कोबे बंदरात जुन्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात हा कॅनन मिळाला, तीन लेन्ससकट. कातडी पेटी, आत पस्तीस, पन्नास आणि शंभर मिलिमीटर, तिन्ही भिंगं गंगाजळासारखी स्वच्छ. आपल्या खाऱ्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. मी चाळीस वर्षं ती पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि बुरशीला उंबरा ओलांडू दिला नाही. हौसा म्हणायची, बायकोला एवढं जपलं असतंत तर गुडघे दुखले नसते.

हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा. यात लेन्समधून बघायचंच नाही. वर कोपऱ्यात एक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध नखाएवढा उजळ चौकोन असतो आणि त्या चौकोनात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एक खरं आणि एक त्याची फिकट सावली. लेन्सची कडी फिरवत नेली की सावली सरकत सरकत येते आणि माणसावर बरोब्बर बसते. दोनाचं एक झालं की समजायचं, आता अंतर जुळलं, फोटो स्वच्छ येणार. सुएझ बघितला, उत्तर समुद्रात रात्रीच्या आभाळात नाचणारा हिरवा उजेड बघितला, पण त्या चौकोनात दोनाचं एक होताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. कुणी बनवलं असेल हे, आणि ते करताना त्याला देव दिसला असेल का, असं वाटत राहतं.

तर यंदा तो चौकोनच दिसेना. मधोमध नुसता राखाडी डाग. मला वाटलं आतल्या आरशाचा मुलामा उडाला. कॅमेरा उचलला आणि राम आळीत अजिंक्यच्या दुकानात गेलो. अजिंक्य पस्तिशीचा. पुढे मोबाइलची कव्हरं विकतो, पण मागच्या कपाटात फिल्मची खोकी आणि जुने कॅमेरे. पोट कव्हरांवर, जीव फिल्मवर. त्याने खिडकीला डोळा लावला, समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी धरली, कडी फिरवली आणि म्हणाला की चौकोन लख्ख आहे. मी खवळलो. तुझ्या जन्माआधीपासून हा कॅमेरा माझ्याकडे आहे, मला शिकवतोस काय, वगैरे बरंच सुनावलं. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, डावा डोळा मिटा आणि नुसत्या उजव्याने ती पाटी वाचा.

मी डोळा मिटला. पाटीच्या दोन्ही टोकांची अक्षरं होती. मधली नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रात हनुवटी ठेवायला लावून दोन्ही डोळे तपासले. पडद्याचा मधला भाग निकामी होतोय म्हणाल्या. उजव्याचा गेलाय, डाव्याचा सुरू झालाय, इंजेक्शनं देऊन वेग कमी करू, पण गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. मी विचारलं, मधलं म्हणजे नक्की काय जाईल?

"तुम्ही ज्याच्याकडे बघाल ते," त्या म्हणाल्या.

एसटी स्टँडवर येऊन बसलो आणि दोन गाड्या सोडल्या. जगात बघण्यासारखं होतं ते बघून झालं होतं, त्याचं दुःख नव्हतं. दुःख एकच होतं आणि ते इतकं लाजिरवाणं की सांगवत नाही. घरात नऊ अल्बम आहेत. कोबे, रॉटरडॅम, मोंबासा, शेजाऱ्याच्या म्हशीचेसुद्धा फोटो आहेत. माझ्या हातचा हौसाचा एकही फोटो नाही.

याला कारण मी. शहाऐंशी साली दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. हौसाला घेऊन पूर्णगडला तिच्या माहेरी गेलो. तिने नवं लुगडं नेसलं, अबोलीचा वळेसर माळला. मी शंभरची लेन्स लावली आणि किल्ल्यात, खाडीवर, होडीत अख्खा रोल तिच्यावर संपवला. छत्तीस फोटो. धुवून आला तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. लेन्सवरचं टोपण काढलंच नव्हतं. दुसऱ्या कॅमेऱ्यात टोपण असलं की समोर अंधार दिसतो. ह्यात बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि फिल्मला काहीच नाही. गावभर हसं झालं. हौसा भांडली नाही, भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कॅमेरा उचलला की ती पदर तोंडावर घ्यायची नाहीतर चुलीकडे निघून जायची. परवा नात सानवीने फोनवर तिचा एक काढला, तर त्या फोनने स्वतःच्या अकलेने सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या. ती हौसा नव्हे. कुठल्यातरी साबणाच्या जाहिरातीतली बाई.

म्हणून ठरवलं. डाव्या डोळ्यात अजून थोडा जीव आहे तोवर हौसाचा एक फोटो काढायचा, चेहरा एवढा मोठा छापायचा की भिंत भरेल, आणि तो बघत बसायचं. जिवंत हौसा एका जागी दोन मिनिटं थांबत नाही. कागदावरची थांबेल. डोळ्याचं मात्र तिला सांगायचं नाही. सांगितलं की ती नवस बोलणार, वेळणेश्वरापासून गणपतीपुळ्यापर्यंत एक देव सोडणार नाही, आणि मला हाताला धरून चालवणार. ते मला नको होतं.

अजिंक्यला गप्प राहायची तंबी दिली आणि आम्ही फिल्म निवडायला बसलो. त्याने तीन खोकी पुढे ठेवली. शंभरची, दोनशेची आणि चारशेची. आकडा जेवढा मोठा तेवढी ती कमी उजेडात भागवते, हे ठाऊक असलेलं बरं. मला शंभरची हवी होती, कारण मोठा फोटो करायचा तर दाणा बारीक पाहिजे. आमच्या काळी चारशेची फिल्म मोठी केली की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसायचा. अजिंक्य म्हणाला की शंभरच्या ह्या फिल्मवर लाल रंग चढतो, सावळ्या कातडीत नसलेली लाली येते. दोनशेची उन्हाला छान, पण सगळ्यावर हळद धरते. मग त्याने भिंतीवरून एक फ्रेम काढून माझ्या हातात दिली. त्याच्या आईचा फोटो, चारशेच्या फिल्मवर काढलेला.

मी तो डाव्या डोळ्याजवळ धरला, जरा इकडे, जरा तिकडे, असा तुकड्यातुकड्याने बघितला. बाई सावळी होती, हौसासारखीच. नथीखाली सावली पडली होती आणि ती सावली काळी नव्हती. तिच्यातसुद्धा कातडीचा रंग होता, खोल, तपकिरी, विहिरीत वाकून बघितल्यावर पाण्याखाली दगड दिसावा तसा. गालावर ऊन होतं तिथंही रंग पांढरा पडला नव्हता. काचेच्या तुकड्यातून उजेड आत जातो, एका पातळ पट्टीवर एका सेकंदाचा शंभरावा हिस्सा टेकतो, आणि एका बाईचा गाल जसाच्या तसा राहून जातो. हा काय प्रकार आहे? बत्तीस वर्षं यंत्रांत घालवली, पण ह्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. चारशेची घेतली.

लेन्सवरून मात्र आमचं जुंपलं. अजिंक्यचं म्हणणं, पस्तीसची लावा. ती एवढी रुंद बघते की फोकस अंदाजाने ठेवला तरी चार-साडेचार फुटांपासून नऊ फुटांपर्यंत सगळं स्वच्छ येतं, चौकोन दिसला नाही तरी बिघडत नाही. बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पस्तीसने अंगण येईल, तुळस येईल, वाळत घातलेले बोंबील येतील आणि हौसाचं तोंड सुपारीएवढं. मला शंभरच हवी होती. ती दुसरं काही बघतच नाही, फक्त चेहरा. पण तिची खोड अशी की नऊ फुटांवर जेमतेम दीड वीत जागा स्वच्छ येते. त्याच्या पुढे-मागे सगळं धूसर. आणि ती दीड वीत शोधायची त्या चौकोनातून, जिथं माझा डाग बसला होता. डावा डोळा लावून बघितला तर नाक कॅमेऱ्याच्या पाठीला चेपलं आणि दोन सावल्यांतली खरी कोणती तेच कळेना.

अजिंक्य म्हणाला, मी येऊन काढतो. मी म्हटलं, लग्न तू केलंस की मी?

घरी आलो आणि जेवताना हौसाला म्हटलं की तुझा एक फोटो काढायचाय. पदर तोंडावर जाईल म्हणून मी तयारीत होतो. ती भात वाढता वाढता म्हणाली, "काढा की." अडतीस-एकोणचाळीस वर्षं जी बाई बधली नाही ती एका शब्दात हो म्हणाली. वर मीच घाबरून सांगत सुटलो की कॅमेरा म्हातारा झालाय, त्यातला चौकोन मंद झालाय, अंतर बरोबर मोजावं लागेल, पण टेपवरचे आकडे आजकाल फार बारीक छापतात मेले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं चाललं होतं माझं. तिने सगळं ऐकलं. उठून माळ्यावरून एक गुंडाळी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

तिचा बाप धोंडू, पूर्णगडचा मच्छीमार, त्याची ती दोरी. टोकाला शिशाचा गोळा. पाण्याची खोली मोजायला सोडायची. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. दर वावाला एक गाठ आणि अर्ध्यावर चिंधी. मी लगेच शहाणपण केलं, हौसाला हात पसरायला लावले आणि दोरी ताडून बघायला गेलो.

"माझा वाव नव्हे तो," ती म्हणाली. "बाबा सहा फुटी होता. दोरी बाबाच्या हाताची हाय."

दुसऱ्या दिवशी अजिंक्यच्या दुकानात दोरी टेपला लावली. धोंडूचा एक वाव, सहा फुटांना अर्धं बोट कमी. दीड वाव म्हणजे माझे नऊ फूट. एका टोकाला कॅमेरा आणि दीड वावावर भिंतीवरचं कालनिर्णय धरून अजिंक्यने स्वतःच्या डोळ्याने दोनाचं एक केलं आणि लेन्सची कडी जागच्या जागी चिकटपट्टीने बांधून टाकली. आता कॅमेऱ्याला दीड वावापलीकडचं जग नव्हतं आणि अलीकडचंही नव्हतं. मला आकडे वाचायचे नव्हते, फक्त गाठ आणि चिंधी बोटाने चाचपायची होती. कोबेच्या कारागिराने घासलेलं भिंग आणि पूर्णगडच्या माणसाचे पसरलेले हात असे एकमेकांना येऊन मिळाले, आणि मी दुकानात उभ्या उभ्या डोळे पुसले. अजिंक्यला सांगितलं की धूळ गेली.

रविवारी सकाळी साडेआठला पडवीत मांडामांड केली. ऊन अंगणातल्या तांबड्या मातीवर पडून वर पडवीत येत होतं, मऊ, कोवळं. मागे चिऱ्याची भिंत. मला वाटलं ती ठेवणीतली साडी नेसेल. ती रोजच्याच निळ्या साडीत आली. मी कुरकुरलो तर म्हणाली, रोज दिसते तीच काढा. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, आधी ते टोपण काढा.

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवला. दोरीचं एक टोक त्याच्या बुडाला बांधलं. दीड वावाची चिंधी तिने दोन बोटांत धरून डोळ्याच्या कोपऱ्याशी टेकवली. मी सांगितलं होतं की दोरी ताणली की सोडायची आणि हलायचं नाही. ती सोडायची, आणि दोरी कुठं पडली ते बघायला खाली मान घालायची. मी ओरडलो. ती हसली. पुन्हा मोजलं, पुन्हा सोडली, पुन्हा मान खाली. पाच फोटो असे फुकट गेले आणि माझं डोकं फिरलं.

"मी सोडतच नाय," हौसा म्हणाली. "दिसूंदे फोटोत दिसली तर."

तिने चिंधी डोळ्याशी धरून ठेवली आणि मी डाव्या हाताचं बोट ताणलेल्या दोरीवर ठेवलं. आणि काय सांगू, ती मला कळायला लागली. श्वास घेतला की दोरी किंचित ढिली व्हायची, सोडला की ताठ. ओठात हसू दाबलं तर बारीक थरथर यायची. हौसा एकदा म्हणाली होती की बाबा ह्या दोरीवरून तळाला वाळू आहे की खडक ते सांगायचा, आणि मला ती बढाई वाटली होती. खिडकीत बघितलं तर मधोमध डाग, पण बोटाखाली हौसा होती, डोळ्याने कधी एवढी जवळ आली नव्हती. दोरी ताठ झाली की मी बटण दाबायचो. ती हलली नाही. दूध उतू गेलं तरी हलली नाही. छत्तिसावा फोटो झाला तेव्हा माझ्या पाठीला घाम आला होता आणि तिचा हात अवघडून लाकूड झाला होता.

रोल मुंबईला गेला. धुवून, निवडून, मोठा छापून यायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात दोनदा इंजेक्शन घेतलं, हौसाला गाठीभेटीला जातो सांगून. इंजेक्शनने जे व्हायचं ते झालं, पण डाव्या डोळ्यातला डागही अंगठ्याएवढा झाला.

अजिंक्य दोन हात लांब नळी घेऊन घरी आला. फोटो उलगडून त्याने पडवीत भिंतीला टेकवला आणि बाजूला झाला. मी समोर खुर्ची ओढून बसलो आणि बघितलं. चिऱ्याची भिंत दिसली. खाली निळा काठ दिसला. दोरी दिसली, माझ्या दिशेने येणारी. मधे राखाडी ढग होता. चेहरा नव्हता. मी मान पुढे नेली, मागे नेली, चष्मा काढला, पुसला, घातला. ढग हलला नाही.

मग माझा तोल गेला. फोकस नाही म्हणालो, कडी हलली म्हणालो, चिकटपट्टी सैल बांधलीस म्हणालो, लॅबला, फिल्मला, मेलेल्या सासऱ्यालासुद्धा सोडलं नाही. अजिंक्य हळूच म्हणाला की काका, पापणी न् पापणी मोजता येतेय. तेवढ्यात मला कळलं की तो खरं बोलतोय, आणि हौसा दारात उभी आहे.

ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"माझ्या तोंडाकडं नका बगू," ती म्हणाली. "कानाकडं बगा."

मी म्हटलं, कान कशाला बघू?

"घरात बगता तसं. गणपतीपासून तुम्ही माझ्या कानाशीच तर बोलताय."

मी फोटोतल्या कानावर नजर टेकवली. चिऱ्याच्या कडेला, केसांच्या बटेखाली, कुडी घातलेला छोटा कान. आणि ढग तिकडे सरकला, आणि त्याच्या बाजूने हौसा बाहेर आली. कपाळ, त्यावरची आडवी रेघ, सावळा, उन्हात भाजलेला गाल, आणि गालाच्या खळग्यातसुद्धा रंग. दोरी धरलेली दोन बोटं. ओठात दाबलेलं हसू. एवढी मोठी आणि एवढी स्थिर हौसा मी जन्मात बघितली नव्हती. किती सुंदर आहे ही बाई, आणि मी म्हशींचे फोटो काढत हिंडलो. रडू आलं ते मी लपवलं नाही, लपवून उपयोगही नव्हता.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"नायतर उभी राहिले असते होय मी तुमच्या कॅमेऱ्यापुढं?"

तिचा हात माझ्या खांद्यावर आला. वळून तिच्याकडे बघावं असं फार वाटलं, पण नजर हलली असती तर समोरचा चेहरा पुन्हा गेला असता. म्हणून मी तसाच कानाकडे बघत बसलो, आणि ती मागे उभी राहिली, बराच वेळ, एका जागी.